बिनहिंगाचं लोणचं

लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी आमची जिजी आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन उभी राहायची. कढईत डोकावायची, मसाल्याचे डबे उघडायची आणि विचारायची, "माले आधी सांग, यामा काय काय टाकं शे?" आचारी बिचारा गोंधळून जायचा, आम्ही घरच्या बाया पदराआड हसायचो. पण तिची मान हलल्याशिवाय माझी लेक सुमी पानावर बसत नसे.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. कोरीटला आमचं एकत्र घर होतं आणि त्या घरात लोणचं टाकायचा मान तिचा. कैरी चिरण्यापासून बरणीला दादरा बांधेपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात तिला खपत नसे. रोजच्या फोडणीत आमच्याकडे हिंग नसे, पण लोणच्याच्या हिंगाबाबत ती फारच सढळ. निखाऱ्यावर हिंग टाकून रिकाम्या बरणीला धुरी द्यायची आणि मसाल्यातही हात आखडता घ्यायची नाही. शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. त्यांना ती फोडी द्यायची, पण कृती सांगताना एखादा जिन्नस हटकून विसरायची. मी एकदा पकडलं, तर म्हणाली, "आख्खं सांगी दिधं ते मन्हाकडे कोन ई?"

सुमी तिसऱ्या वर्षी खंगायला लागली. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, आणि दिवसातून सात-आठ वेळा पोट जायचं. जंत झाले, मुडदूस झाला, नजर झाली, सगळ्यांवरचे उपाय झाले. शेवटी तिला आगगाडीनं सुरतेला नेलं. जिजी बरोबर आली. तिथले डॉक्टर म्हणाले, या मुलीला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, कुरडई, काही म्हणता काही नको, नाहीतर मुलगी हाती लागणार नाही. मी तिथंच रडायला लागले. जिजीनं मात्र त्यांना एकच विचारलं, चिमूटभर चालेल का? ते म्हणाले, चिमूटभरही नाही.

ते तिनं पदराला गाठ मारून घरी आणलं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा क्रमच बदलला. आधी सुमीची ज्वारीची भाकरी व्हायची, ती झाकून वर ठेवली जायची आणि मगच कणकेचा डबा खाली यायचा. सुमीची परात वेगळी, तवा वेगळा, पळीसुद्धा वेगळी. "चमचाना काय भरोसा? तो आख्खा घरमा फिरस," असं तिचं म्हणणं. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "गहूले काय विटाळ लागना का?" जिजी म्हणाली, "हा, लागना." आणि भाकरी थापत राहिली.

दोन महिन्यांत पोरीच्या गालांवर मांस दिसू लागलं. जुनं लोणचं सुरतेला जायच्या आधीच संपलं होतं. मग जिजीनं नव्या लोणच्याच्या दोन बरण्यांतली एक उघडली. सुमीला त्याचा खार फार आवडायचा. जिजी भाकरीच्या घासाला तो लावून द्यायची, पोरगी मिटक्या मारत खायची. पंधरा दिवसांत पोट पुन्हा बिघडलं. दुसरं काही जाईना, म्हणून जिजी मायेनं आणखी खार द्यायला लागली. पोरगी आणखी वाळली.

गल्लीतल्या बाया पुन्हा नजरेवर आल्या. "नजर नही. काहीतरी पोटमा जाई ऱ्हायनं," जिजी म्हणाली. पहिला संशय तिनं माझ्यावरच घेतला. मी चोरून पोळीचा तुकडा देते का, शेजारी पाठवते का, दोन दिवस माझी उलटतपासणी चालली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळे डबे अंगणात मांडले. हळद, तिखट, मेथी, मोहरीची डाळ, मीठ, हिंग. मी ते सुमीला एकेक देऊन बघावं म्हणतेय, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "पोरनी परीक्षा करानी नही. डबास्नी करानी." मग एकेक जिन्नस चमचाभर घेऊन पाण्यात उकळायला लागली. हळद खाली बसली, मेथी बुळबुळीत झाली, मीठ विरघळलं. हिंगाचे खडे कुटून टाकले, तर पातेल्यात दाट, चिकट खळ झाली. दिवाळीत आकाशकंदिलाला कागद चिकटवायला आम्ही कणकेची करायचो, अगदी तशीच.

त्याच आठवड्यात ती नंदुरबारच्या बाजाराला गेली. मलाही ओढत नेलं. हिंगवाला परमुलखातला, दरवर्षी येणारा. जिजीनं त्याला विचारलं, यात पीठ कशाला? तो हसून म्हणाला, "गेहूं का आटा पडता ही है, माई. नहीं तो हींग बंधेगी कैसे?"

जिजी तशीच माघारी वळली. येताना बैलगाडीत मी तोंड उघडलं. दोन दिवसांचा राग होता, वर्षभराची भीती होती. मी म्हणाले, "तुम्हना लोणचानीच मन्ही पोर वाळी गयी." घरी येऊन जिजीनं दोन्ही बरण्या उकिरड्यावर नेल्या, स्वतः खड्डा खणला आणि वर्षाचं लोणचं त्यात ओतून माती लोटली. हिंगाचा डबाही त्यातच गेला.

त्यानंतर आमच्या घरात बिनहिंगाचं लोणचं सुरू झालं. बुरशी येईल, चव येणार नाही, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. जिजीनं मीठ वाढवलं, मोहरी घरच्या जात्यावर भरडली, फोडींच्या वर बोटभर तेल ठेवलं. लोणचं वर्षभर टिकलं. मसाला कालवायच्या आधी ती दरवर्षी मला हाक मारायची आणि एकेक डबा उघडून दाखवायची, "देख." आणि सुमीचं पान वाढताना बरणी माझ्याकडे सरकवायची, "तिले तू वाढ." मला वाटायचं, कामाचा कंटाळा आला असेल.

सुमी आठ वर्षांची झाली. चांगली धडधाकट, उंबरावर चढणारी. ह्यांना खापर गावच्या शाळेत नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. कैरीचे दिवस होते. निघायच्या आदल्या दुपारी जिजीनं माझ्यापुढे एक गाठोडं ठेवलं. त्यात कैऱ्या होत्या, अख्खी मोहरी, मेथी, हळकुंडं, सुक्या मिरच्या, खडेमीठ. काहीच कुटलेलं नव्हतं.

"आते तूच टाकजो," ती म्हणाली. "मन्हा हातनं तिले नको."

मला कळेना. मी म्हटलं, असं का म्हणता, जिजी? ती गाठोड्याची गाठ आवळत म्हणाली, "तुन्हा भरोसा ऱ्हायना नही, ते माले माहीत शे. तुन्हं काही चुकनं नही."

पाच वर्षं. पाच वर्षं ती डबे उघडून मला साक्षीला बोलवत होती, आणि पोरीच्या ताटात आपल्या हातानं फोड वाढत नव्हती. बैलगाडीत बोललेलं ते वाक्य मी गाव येईपर्यंत विसरले होते. ज्या हातांनी माझी पोर मरणाच्या दारातून ओढून आणली, त्याच हातांवर मी डाग लावला होता. मला माझीच लाज वाटली. अजूनही वाटते.

मी गाठोडं सोडलं आणि विळी पुढ्यात ओढली. म्हटलं, "जिजी, मी फोडी करी देस. टाकनार ते तुम्हीच."

तिनं डोळे पुसले, की घाम, मी वर पाहिलं नाही. तिन्हीसांजेपर्यंत लोणचं कालवून झालं. एकही डबा तिनं मला दाखवला नाही, मीही मागितला नाही. जेवायच्या वेळी तिनं ताजीच फोड काढली आणि आपल्या हातानं सुमीच्या भाकरीवर ठेवली. पोरीनं ती संपवली आणि आणखी हवी म्हणून ताट पुढे केलं. जिजीनं माझ्याकडे पाहिलं.

"द्या ना आखो," मी म्हटलं.