गजावरच्या दोन खाचा

मला इंग्रजी धड वाचता येत नाही, दहावीला दोनदा बसले आणि मग लग्नच झालं, पण त्या गजावरच्या दोन खाचा मला वाचता येतात. गज म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, लांबलचक लाकडी काठी, तिने दारू आणि गोळी नळीत खाली दाबायची. गज आत सोडला आणि वरची खाच नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी. गज मध्येच अडला, खालची खाच तोंडाशी थांबली, तर भरलेली. एवढंच शिक्षण माझं अमेरिकेतलं.

ते मला शेजारच्या अमेरिकन आजोबांनी हातवारे करून शिकवलं. आम्ही राहतो स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या पुढे गाडीने वीस मिनिटं, आमचे हे युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरवर असतात, मला गाडी येत नाही, बाजूला एकच घर, त्यात हे आजोबा एकटे. म्हातारा माणूस, सगळ्या घराला जवसाच्या तेलाचा वास. ते अशा बंदुका हाताने बनवायचे. ह्यांना ऑफिसात कोणी मित्र नाही, घरी आले की फोनमध्ये डोकं, एका शनिवारी आजोबांच्या शेडमध्ये गेले ते तिथेच रमले. पोस्टाने मोठा खोका आला, त्यात खडबडीत लाकूड, लोखंडी नळी, गारगोटीचा घोडा. अख्खा उन्हाळा कानशीने घासत होते. घासताना गुणगुणायचे. लग्नाला सहा वर्षं झाली, मी ह्यांना गुणगुणताना ऐकलंच नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही, उलट मदत केली. गोळीला गुंडाळायला सुती चिंधी लागते, ती मी माझ्या आईच्या जुन्या पातळातून कापली, आठ आण्याएवढ्या गोल गोल, डबाभर. आता वाटतं ती कात्री तेव्हाच मोडायला हवी होती.

डिसेंबरात नाताळ झाला की इथे ठासणीच्या बंदुकीने हरीण मारायचा सीझन असतो. हे पहाटे गेले, दुपारी आले, हरीण दिसलंच नाही. बंदूक हॉलच्या कपाटात, कोटांच्या मागे उभी करून ठेवली.

मी म्हटलं, "अहो, आत गोळी आहे का?"

"आहे. पण घोड्याखालच्या वाटीतली पेटवायची दारू झटकली ना, आता बंदूक रिकामीच धरतात. कायदाच आहे तसा."

"मग काढून टाका ना."

"काढायची म्हणजे उडवायला लागते. इथे वस्तीत कुठे उडवू? उद्या जाणारच आहे परत."

"पोरगं आहे हो घरात."

"अगं, चार वर्षांचा आहे तो. त्याला तो घोडा मागे ओढता तरी येईल का? आता तू मला शिकव, दहावी नापास."

हसत म्हणाले. ते असलं हसतच म्हणतात.

उद्या गेलेच नाहीत, काम निघालं. परवाही नाही. आणि मी रोज सकाळी, हे गेले की, कपाट उघडायचे, गज काढायचे, नळीत सोडायचे. खालची खाच. भरलेली. मला माहीत होतं की भरलेलीच असणार, कोण काढणार होतं रात्रीतून, तरी बघायचे, बघितल्याशिवाय चहासुद्धा उतरायचा नाही घशाखाली. आणि बघताना मी मूर्ख, नळीच्या तोंडावर वाकून बघायचे, खाच नीट दिसावी म्हणून.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी पोळ्या करत होते, हॉलमध्ये काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. गेले तर पोरगं बाथरूममधल्या स्टुलावर उभं, कपाट उघडं, कोट खाली पडलेले, गज नळीत आणि ते वाकून आत बघतंय. माझ्यासारखंच. एक डोळा मिटून.

"आई, आय ॲम चेकिंग," म्हणालं.

मी त्याला कसं उचललं मला आठवत नाही. त्याच्या शर्टला माझ्या हाताचं पीठ लागलेलं आठवतं. ते रडायला लागलं, मीपण, तव्यावरची पोळी जळली, धुराचा अलार्म कोकलायला लागला. मला एकच दिसत होतं, मी शिकवलं, ह्यांनी नाही, मी.

संध्याकाळी सांगितलं ह्यांना. म्हणाले, "स्टूल आत ठेव ना मग." झालं.

दुसऱ्या दिवशी मी पोराची तापाच्या औषधाची पिचकारी घेतली. घोड्याखाली बंदुकीला कान असतो, बारीक भोक, त्यातून ठिणगी आत जाते. त्या कानात पाणी सोडलं. एकदा, दोनदा, सात वेळा. बाहेर काळं पाणी ओघळलं ते फडक्याने पुसलं, फडकं कचऱ्यात खाली दाबलं. चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्या दिवशी मी जेवले पोटभर.

शनिवारी हे गेले. दुपारी आले ते दार आपटत.

"समोर उभं होतं यार! तीस पावलांवर! वाटीतली दारू भप्पकन पेटली आणि आत काहीच नाही. उभं राहिलं बघत, मग गेलं निवांत." बूट फेकले. पोरगं माझ्यामागे लपलं.

आजोबांना बोलावलं. त्यांनी गजाला स्क्रू लावला, गोळीत फिरवून रुतवला, ओढून काढली. चिंधी आली मागोमाग, आईच्या पातळाची, हिरव्या काठाची. आणि मग दारू, दारू कसली, काळा चिखल. आजोबांनी तो बोटावर घेतला, चोळला, आणि माझ्याकडे बघितलं. पोराला मी कडेवर गच्च धरलेलं. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

मग ह्यांना म्हणाले, घरातली ऊब बाधली रे. थंडीतून उबेत आणली की नळीला आतून घाम येतो. घरात ठेवूच नकोस, माझ्या शेडमध्ये ठेव.

देवमाणूस. मी मनात त्यांच्या पाया पडले. वाटलं गेली एकदाची घरातून.

पण ह्यांना ते पटलं नाही. शेडला कुलूप नाही, कोणी उचलली म्हणजे, एवढी मेहनत. सीझनचे अजून दहा दिवस बाकी, ह्यांनी परत भरली. मेणबत्तीचं मेण कानात बसवलं. आणि पोराच्या वाढदिवसाचा उरलेला लाल फुगा काढला, नळीच्या तोंडावर ताणून बसवला. "आता हवासुद्धा जाणार नाही आत," म्हणाले. खूश.

तेव्हा मी बोलले. श्वास घेऊन एकदम बोलले, "अहो, ते घामबिम काही नाही, पाणी मी घातलं होतं. पिचकारीने. कानातून."

ह्यांनी बघितलं माझ्याकडे. मला वाटलं आता मारतील, मारलं नाही कधी, पण वाटलं. आणि वाटलं मारू देत, निदान कळेल तरी.

ते हसले. "तू? तुला कान कुठला आणि नाक कुठलं ते तरी माहीत आहे का बंदुकीचं? चाळीस वर्षं बंदुका बनवलेला माणूस घाम म्हणतो आणि तू म्हणतेस पिचकारी." मग पोराला म्हणाले, "बघ बेटा, मम्मी इज फनी."

पोरगं टाळ्या वाजवत होतं. फुग्याकडे बघून.

आता हे ऑफिसला गेलेत. मेण मला सुईने काढता येईल, फुगा उतरवून परत लावता येईल, पाणी परत घालता येईल, पण मग हे परत भरतील. किती वेळा घालू? आजोबांकडे जाऊन सांगायला इंग्रजी पुरत नाही, आणि ते तरी किती खोटं बोलतील माझ्यासाठी. आईला फोन केला तर म्हणेल, अगं, नवऱ्याला निदान छंद तरी चांगला आहे.

कपाटाच्या दाराला पाठ लावून मी जमिनीवर बसलेय, लसूण सोलतेय. पोरगं माझी बाही ओढतंय.

"आई, बलून. आय वाँट द रेड बलून."

"नाही रे राजा, तो बाबांचा आहे."

"आय कॅन रीच. आय हॅव अ स्टूल."

स्टूल मी पायांत धरून ठेवलंय. सहा वाजता हे येतील.