ठिपको खंय?

लालबागच्या नाक्यावर तो मालवणी पेंटर पाट्या रंगवायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत त्याचं दुकान मोर्चाच्या फलकांनी भरलेलं असे. अक्षरं तो झरझर काढी, पण 'मुंबई'वरचा अनुस्वार देताना श्वास रोखून धरी. "ठिपको जाग्यारच होयो, मास्तरानू," म्हणायचा आणि कुंचला लेंग्याच्या डाव्या मांडीला पुसायचा.

शाळेसाठी मी त्याला अणूचा तक्ता रंगवायला दिला. मधे केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन. त्यानं लगेच विचारलं, "ह्यो ठिपको खंय ठेवू?"

मला शहाणपण दाखवायची हुक्की आली. म्हटलं, "तो नेमका कुठे असतो ते कुणालाच सांगता येत नाही. अमुक जागी असण्याचा संभव जास्त, तमुक जागी कमी, एवढंच."

शनिवारी तक्ता आणायला गेलो, तर त्यावर एकही ठिपका नव्हता. कापसाच्या बोळ्यानं त्यानं केंद्रकाभोवती निळं धुकं उठवलं होतं, आत दाट आणि कडेला विरत गेलेलं. इतकं खरं चित्र मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

तरी म्हणालो, "अहो, हे काय? परीक्षेत वर्तुळं नि ठिपके काढावे लागतात. पुसा ते."

"तुमीच तर सांगलात," एवढंच बोलून त्यानं टर्पेंटाइनचं फडकं उचललं, धुकं पुसून ठिपके काढले आणि निळे झालेले हात लेंग्याला पुसले.

पुढे रस्त्यात भेटला की विचारायचा, "ठिपको जाग्यार आसा मा?"

मी "आहे" म्हणायचो. नजर चुकवायला खाली बघावं, तर त्याच्या लेंग्यावर तेच निळं धुकं दिसायचं.