सळईचं माप

भूकंपात महामायाच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी आत सळई घातली. तशा लंगड्या पायानं तिनं लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवली आणि धाकट्या भावाला, आनंदराजला, एक्स-रे टेक्निशियन केलं.

आज ताईच्याच मांडीत, सळईला लागून, त्याला गाठ दिसली. स्क्रीनवर मोजली तर लिंबाएवढी! त्यानं भडकून कंपनीला फोन लावला.

"तुमचं सॉफ्टवेअर माप वाढवून दाखवायलंय!"

"सर, फोटोत लांबी माहीत असलेली एखादी वस्तू आहे का? आधी ती मोजून बघा," पलीकडची मुलगी म्हणाली.

सळई होती. तिची लांबी ताई मेसमधल्या पोरांना कौतुकानं सांगायची. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"किती फरक येतोय, सर?"

"फरक न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "माप बरोबर हाय."