नेभळटला इंग्रजीत काय म्हणायचं?

एकाहत्तरच्या युद्धाच्या हिवाळ्यात मी जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात टायपिस्ट होते. एका सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते मद्रासकडचे, हिंदी जेमतेम, मराठी शून्य. समोर आमच्या शॉपचे, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागाचे, मराठी सुपरवायझर फुगून बसले होते. गावातल्या गढा भागात राहणाऱ्या एका फिटरनं त्यांना सगळ्यांदेखत ‘नेभळट’ म्हटलं, अशी त्यांची तक्रार होती.

म्हटलं होतं ते उगाच नव्हे. कामगारांचे हातमोजे पार फाटले होते, आणि वर जाऊन नवे मागायची सुपरवायझरांना महिनाभर हिंमत होत नव्हती.

"फाइलसाठी या शब्दाचं नेमकं इंग्रजी टाइप करून द्या," साहेब म्हणाले.

"कॉवर्ड," सुपरवायझर लगेच बोलले.

लढाईच्या दिवसांत फाइलवर तो शब्द चढला असता तर फिटरची नोकरीच गेली असती. शिवाय तो चूक होता. भित्रा निदान पळून तरी जातो. नेभळट जागचा हलतच नाही. पण हे साहेबांना कसं सांगणार?

मी ‘वीक’ टाइप केलं. साहेबांनी विचारलं, "हे आजारी होते का?"

मग ‘टिमिड’, म्हणजे बुजरा, केलं. सुपरवायझर उसळले, "मी काय लहान मुलगी आहे?"

तिसरा कागद कार्बनसकट मशीनमधून ओढून काढला, आणि वैतागून ‘माइल्ड’ असं ठोकून दिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "मवाळ म्हटलं म्हणून तक्रार? पण म्हटलं कशासाठी?"

सुपरवायझर समोरचे कागद चाळू लागले. मग मीच हातमोज्यांचं सांगितलं. साहेबांनी फिटरला तोंडी समज द्यायला सांगितली आणि हातमोज्यांची मागणी तिथेच लिहून घेतली.

सुपरवायझर पुढे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फिटर तरी खूश असेल असं वाटलं होतं. पण त्यानं त्याच संध्याकाळी मला सायकल स्टँडवर गाठलं.

"ताई, मी नेभळट म्हटलं होतं. तुम्ही माइल्ड काहून केलं?"

"तुमची नोकरी वाचवून राहिले होते, भैया!"

"ते ठीक आहे जी. पण माझा शब्द बरोबर होता का नाही?"

"होता," मी म्हटलं, आणि रागारागानं सायकल बाहेर काढली.