कांदा सरांना चालत नव्हता

काचपट्ट्यांचा ट्रे सरांनी माझ्या तोंडावर फेकून मारला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. सर म्हणाले, "तुमच्या हाताचं काम असंच नासकं निघायचं."

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं शिकवायची. दर्यापूरकडच्या आमच्या बौद्ध वस्तीतून एवढी शिकलेली मी पहिलीच. सर विभागप्रमुख.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका वैद्यबुवांनी झाडपाल्याचा अर्क पाठवला होता. गरवार बायांना ताकद यावी म्हणून. विकण्याआधी त्यांना कॉलेजचा कागद हवा होता, की या अर्कानं पोटातल्या जिवाच्या बीजाला धक्का लागत नाही.

तपासणी कांद्यावर व्हायची. कांद्याचं बूड अर्कात टेकवायचं, मुळं फुटली की शेंडे कापायचे, रंगवायचे, काचेवर दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या. पण सरांचा चातुर्मास चालू होता. कांदा शिवायचा नाही, वासही नको. माझा विटाळ त्यांना बारा महिने व्हायचा, कांद्याचा चारच. मग काय, विटाळानंच विटाळाचं काम करावं! सगळी तपासणी माझ्या गळ्यात पडली. सरांनी एकदाही डोळा लावून पाहिलं नाही.

मी पाहिलं. साध्या पाण्यातल्या मुळांत गुणसूत्रं नीट दोन बाजूंना जात होती. अर्कातल्या मुळांत तुटलेली. तुकडे मधेच पडलेले. वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा कांदे लावले. तेच. तिसऱ्यांदाही तेच. माझी वहिनी तेव्हा पाच महिन्यांची गरवार होती. वहीत लिहिलं, अर्क घातक आहे.

ट्रे बसला त्या दिवशी वैद्यबुवा स्वतः आले होते. सुनेच्या डोहाळजेवणाचे लाडू सरांसाठी घेऊन. वही वाचून हसले.

"कांद्याले झालं म्हणून बाईले होते काय? हिच्याच वस्तीतल्या दोन-चार गरवार बाया धरा अन् पाजून पाहा. मेलेलं ढोर पचवणारे लोक हायेत. यायले काय होते?"

मेलेलं ढोर आम्ही केव्हाच सोडलं होतं. ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

सरांनी वही माझ्यापुढे ढकलली. "हे खोड. दोष नाही असं लिही आणि सही कर."

"नाही करणार."

त्यावर तो ट्रे आला.

मी रक्त पुसलं नाही. अर्काची बाटली उचलून वैद्यबुवांसमोर टेबलावर आदळली. "तुमची सून बी गरवार हाये ना? आधी तिले पाजा."

"तोंड सांभाळ!" बुवा ओरडले. चेहरा पांढराफटक. म्हणजे या माणसाला कळत होतं. सगळं कळत होतं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाटली फरशीवर फोडली. सरांनी माझी वेणी धरली. कधी माझ्या सावलीलाही उभे न राहणारे सर, मारायला बरे शिवले. डोकं कपाटावर आपटलं. एकदा. दोनदा. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले, दात रुतेपर्यंत. वेणी सुटली. वही घेऊन बाहेर पडले.

नोकरी गेली. गेली तर गेली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायांना बसवून सगळं सांगितलं. वहिनीनं विचारलं, "बाई, त्यायनं दुसऱ्या कोनाची सही घेतली तं?"

"घेऊ दे," मी म्हटलं. "पन तो अर्क घेऊन जो या वस्तीत पाय ठेवीन, त्याले खाली पाडून त्याच्याच नरड्यात ओतीन मी."