काशिनाथची बत्तीस कलमं

काशिनाथ गेल्याचं मला मिठाच्या गाडीवाल्यानं सांगितलं, तेही भर बाजारात, गोणी उतरवता उतरवता. "तुमचा बेलपाड्याचा काशिनाथ गेला, मास्तर. सकाळी बांधावर बसला तो उठलाच नाय." मी विचारलं, "कुठला काशिनाथ?" जसे काही बेलपाड्यात माझ्या ओळखीचे दहा काशिनाथ होते! गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची गोणी खांद्यावर घेतली. मी सायकल काढली, पण पनवेल ते बेलपाडा ते काही दोन पावलं नाही. मी पोचलो तेव्हा लोक खाडीवरून परतत होते, अंगावरचे कपडे ओले. त्याला आज पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लोक आपापल्या माणसांबद्दल चांगलं चांगलं लिहितात. मलाही काशिनाथबद्दल चांगलंच लिहायचं आहे... पण ते लिहायचं तर स्वतःबद्दल वाईट लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आम्ही पनवेलच्या शाळेत एका बाकावर बसलो. सातवीनंतर तो बापाच्या मिठागरावर गेला आणि मी वर्षभर शेतीच्या शाळेत जाऊन पुढे मास्तर झालो. त्या एका वर्षानं माझं फार नुकसान केलं. तिथून मी जो शहाणपणा घेऊन आलो तो आजतागायत उतरलेला नाही. कोणाच्या परसात पपई दिसली तरी मी आधी तिच्या बुंध्याभोवतीचं आळं तपासतो आणि मग घरच्यांना नमस्कार करतो. बायको म्हणते, तुम्हाला न विचारता उगवायची झाडांना सोय नाही. काशिनाथ मात्र माझं सगळं ऐकून घ्यायचा. जन्मभर मला "मास्तर" म्हणाला, निम्मं थट्टेनं आणि निम्मं खरोखरच्या मानानं, आणि त्या दुसऱ्या निम्म्यानंच घात केला.

त्याच्या वडिलांची, पदूबाबांची, खारघरच्या डोंगरउतारावर थोडी वरकस जमीन होती. तिथं गवत कापण्यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात काशिनाथनं तिथं हापूसची बत्तीस कलमं लावली. कल्पना त्याची, उपदेश माझा. पदूबाबा खदाखदा हसले होते. त्यांची हयात मिठावर गेलेली. डोंगरावर फळझाड ही त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांची कामं. काशिनाथ मिठागरावर दिवसभर राबून दिवस बुडायच्या आत डोंगर चढायचा आणि वरच्या झऱ्यातून कावडीनं पाणी आणून एकेका कलमाला घालायचा. चैत्र-वैशाखात झरा आटला की खालून, गावातल्या विहिरीवरून. त्याच्या खांद्याला पडलेला घट्टा मी हातानं चाचपून पाहिला आहे. बत्तीसातलं एकही कलम त्यानं मरू दिलं नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. कलम लहान असताना त्याला मोहोर येतो, पण तो ठेवायचा नसतो. ठेवला तर झाडाचा सगळा जीव फळात जातो आणि झाड खुरटतं. म्हणून पहिली काही वर्षं मोहोर आला की खुडून टाकायचा. बागाईतदाराला हे सांगावं लागत नाही, पण मिठागरवाल्याला हे वेड वाटेल. आलेला मोहोर खुडायचा? काशिनाथलाही आधी वाटलंच. पहिल्या माघात मी त्याच्यासमोर एक तुरा खुडला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं होतं. मग दर माघात आम्ही दोघं मिळून खुडायचो, आणि तुडतुडे पसरू नयेत म्हणून खुडलेलं सगळं एका बाजूला जाळायचो. किती वर्षं, असं त्यानं विचारलं तेव्हा मी मोघमपणे म्हणालो होतो, चार-पाच तरी. तीन माघ असे गेले.

चौथ्या माघात त्याचा निरोप आला. उधाणानं मिठागराचा बांध फुटला होता, त्याला शनिवारपर्यंत तिथून हलता येणार नव्हतं. "रविवारी बाबांना घेऊन वर येतो. डोंगर फुललाय तो त्यांना दाखवायचाय. तू शनिवारी जा, जरा झाडून-लोटून ठेव. एक मोठी बातमी हाय, ती वरच सांगीन." डोंगर तर दर माघात फुलतोच. वरच्या धारेला पांगारे आणि काटेसावरी नुसत्या पेटल्यासारख्या लाल होतात, पनवेलची माणसंही कधीमधी भाकऱ्या बांधून बघायला जातात. मला वाटलं, म्हाताऱ्याला तेच दाखवायचं असेल. बातमी म्हणजे वहिनींना दिवस गेले असतील. माझी अक्कल एवढीच धावली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी वर गेलो. आणि काय सांगू... बत्तीसच्या बत्तीस कलमं मोहोरली होती. माझ्या खांद्याएवढी झाडं, पण पान दिसत नव्हतं. वासानं डोकं जड होत होतं. तिन्ही वर्षांत असा मोहोर आला नव्हता. मी पाच मिनिटं बघत उभा राहिलो आणि मग बाह्या सारल्या. मनात म्हटलं, बिचारा बांधात अडकलाय, त्याच्या डोक्यावरचं एक काम तरी हलकं करू. दुपारभर मी खुडत होतो. एक तुरा राहू दिला नाही. हात चिकानं काळे झाले. सगळं गोळा करून ओहोळापलीकडे जाळलं, आळी झाडली, खाली पडलेलं फूल न् फूल उचललं. शेतीच्या शाळेत मला स्वच्छतेचे नेहमी पैकीच्या पैकी असत. त्या रात्री कलमांजवळच्या खोपटात मला फार गाढ झोप लागली.

रविवारी ती तिघं आली. पुढे काशिनाथ, बापाचा हात धरून. मागे त्याची बायको हिराबाई, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी. पदूबाबांचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. पांढऱ्या मिठावरचं ऊन पन्नास वर्षं पाहिल्यावर कोणाचे टिकतील? त्यांना माणूस दिसायचा, चेहरा नाही. काशिनाथ चढता चढता मोठमोठ्यानं बोलत होता, इतका बोलताना मी त्याला कधी ऐकला नव्हता. "बाबा, आता हा दगड. बाबा, आता वळायचं हाय. आता वास येल बघा." म्हातारा नाक वर करून चालत होता. मी बांधावर उभा राहून हात हलवत होतो... आणि काशिनाथचं बोलणं मधेच थांबलं.

त्यानं कलमांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. मी अजून हसतच होतो.

पदूबाबांनी पहिल्या कलमाची फांदी धरली, शेंड्यापर्यंत हात नेला, बोटं हुंगली. दुसरं कलम. तिसरं. सात-आठ झाडं झाल्यावर ते म्हणाले, "कुटं हाय मोहोर?" त्यांनी काशिनाथकडे तोंड वळवलं. "आठ दिवसांमागं बोल्लास ना, सगली झाडं भरली हायत? मंग?" काशिनाथ म्हणाला, "धुकं पडलं, बाबा. गळाला." म्हातारा खाली वाकला. माझ्या झाडून काढलेल्या आळ्यांत, लख्ख मातीवर, त्यानं चारी बाजूंना तळहात फिरवला. "गळाला? आनि खाली एक फूल नाय?" तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं. काशिनाथनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो असा दाबला की मी गप्प झालो.

पदूबाबा उठले, हात झटकले. "दिवालीला तुला बोल्लू. मोहोर दाव, डोंगर तुजा. नाय तर दगडाच्या खानवाल्याला देतंव. तू मोहोर नाय दावलास, वर खोटं बोल्लास. माजा शब्द गेला खानवाल्याला." एवढंच. ओरडले नाहीत की शिवी दिली नाही. मग आम्ही पांगाऱ्याखाली बसून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट खाल्ली. वर मैनांचा नुसता गोंधळ, लाल फुलं पानावर टपटपत होती. हिरावहिनींनी जेवणाआधी माझ्या हातांवर पाणी घातलं होतं, मान खाली घालून. सासऱ्यासमोर त्या बोलतच नसत.

उतरताना मी काशिनाथला मागे ओढला. "ही अट मला आधी सांगायची नाही का? आत्ता जाऊन सांगतो त्यांना." तो म्हणाला, "वर गेल्यावर सांगनार व्हतो. तुझं तोंड बघायचं व्हतं ना मला." मग थोड्या वेळानं, "आज नको. आज बाबा रागात हाय. तुला पुन्ना उंबऱ्यात पाय ठेवू देनार नाय. जमीन गेली ती गेली. चार दिस जाऊ दे, मग तुला वाटेल तवा सांग." आणि मला काय वाटलं असेल? मला हायसं वाटलं. हे लिहायला मला अठरा वर्षं आणि त्याचं मरण लागलं. त्या उतारावर, त्याच्या शेजारी चालताना, आज आपल्याला बोलावं लागणार नाही म्हणून मला हायसं वाटलं.

चार दिवस गेले. पंधरवड्यात खाणवाल्याची माणसं आली, त्यांनी आधी कलमंच तोडली कारण ती वाटेत होती. आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला म्हटलं. पण पदूबाबा पुढे सहा वर्षं जगले, आणि त्या सहा वर्षांत त्यांनी पोराचा एकही शब्द खरा मानला नाही. काशिनाथ म्हणायचा, बाबा, यंदा मीठ चांगलं पडेल. म्हातारा म्हणायचा, "मोहोर आला का रं?" बैल आजारी आहे म्हटलं तरी तेच. लग्नाच्या पंगतीत, चार गावच्या लोकांत तेच. लोक हसायचे. काशिनाथही खाली बघून हसायचा. एकदा मीही हसलो... म्हणजे हसू आलं म्हणून नाही, सगळे हसले म्हणून. काशिनाथनं मान वर करून पाहिलं होतं. तेवढंच. त्या संध्याकाळी मला सायकलपर्यंत पोचवायला आला, नेहमीसारखा, आणि माझ्या पिशवीत वाळलेल्या जवळ्याची पुडी घातली.

मला बोलायला सहा वर्षं होती. म्हातारा दर भेटीत माझी चौकशी करायचा, मला जवळ बसवायचा. "मास्तर, तू तरी शिकव रं याला खरं बोलायला," असं एकदा खुद्द मला म्हणाला. मी म्हणालो, "बघू या, बाबा." म्हणालो खरा! पुढे पदूबाबा गेले, आणि काशिनाथनं तो विषय पुन्हा काढला नाही. आमची मैत्री शेवटपर्यंत टिकली असं लोक म्हणतात. टिकली, पण टिकवली त्यानं.

तेराव्याला मी बेलपाड्याला गेलो. माणसं पांगल्यावर हिरावहिनी एकट्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं, शनिवारपासून. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला ठाव हाय. त्याच दिशी समजलं. हातावर पानी घातलं, तर चिकाचा वास." मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही सांगितलंत बाबांना?" "ह्यांनी शपथ घातली. बोल्ले, त्याचा तो सांगंल, आपुन नाय सांगायचं. मास्तर हाय, सांगल्याबिगर राहनार नाय." सूप बाजूला ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "तुमी आलात का हे दर टायमाला वाट बघायचे. तुमी गेल्यावर बोलायचे, आज नाय बोल्ला, पुढच्या टायमाला बोलंल. सासरे गेले त्या दिशी तुमी खांदा द्यायला आलात ना? तुमाला बघून बोल्ले, आता नाय बोल्ला तरी चालंल."

मला रडूही आलं नाही. तेवढ्यात डोंगराकडून खाणीची शिट्टी झाली. दुपारचे बारा, सुरुंगाची वेळ. वहिनी बोलता बोलता उठल्या आणि भिंतीवरच्या फळीला, भांडी लावलेली होती तिला, दोन्ही तळवे लावून उभ्या राहिल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "हादऱ्यानं पडतात. हे घरी असले का हेच धरायचे. मला उठू देत नसत." फळी लांब होती, पलीकडचं टोक त्यांच्या हातात येत नव्हतं, तिकडची पितळी ताटली थरथरायला लागली होती. मी उठलो, हात पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमी हात लावू नका, मास्तर. बसा."

मी बसलो.