पप्पांच्या नंबरवरून

कॉलेज सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं. पेणकरपाड्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये फिरायला जागा ती किती, तरी खिडकी ते ओटा, ओटा ते खिडकी अशा माझ्या येरझाऱ्या चालायच्या. हातात टॅब. विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी सांख्यिकीच्या अभ्यासासाठी काढलेला ग्रुप त्यावर दिवसभर टिंगटिंग करायचा. एकमेकांना कधी न पाहिलेली वसईपासून कर्जतपर्यंतची मुलं त्यात होती. कोणी नोट्स टाकायचं, कोणी सोडवलेल्या गणिताचा फोटो. एक वाचून होईपर्यंत आणखी चाळीस मेसेज आलेले असायचे.

टॅबला सिमकार्ड नव्हतं, म्हणून पप्पांच्या फोनवरचं खातंच मी त्याला जोडून घेतलं होतं. त्यामुळे ग्रुपमध्ये मी दिसायचे ती पप्पांच्या नावाने आणि फोटोसकट. गावच्या गणपतीपुढे उपरणं घेऊन उभे, मिशीवाले, गंभीर. पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलं, "सर, या वयात शिकताय, मानलं तुम्हाला." खरं सांगायची वेळ तीच होती. पण जन्मात पहिल्यांदा मला कोणी सर म्हणत होतं. मी मोठी शहाणी, हात जोडलेला इमोजी टाकून मोकळी झाले.

तिथेच फसले. ग्रुपचा नियम असा, की कोणी एक भाग समजावून दिला की प्रत्येकाने 'समजलं' किंवा 'नाही समजलं' लिहायचं. गप्प बसणाऱ्याला काढून टाकत. आता मिशीवाल्या सरांनी 'नाही समजलं' कसं लिहायचं? मी 'समजलं' लिहीत गेले. सरासरी, समजलं. मध्यक, समजलं. प्रमाण विचलनापर्यंत गाडी आली तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं आणि अंतर्गत परीक्षा दोन दिवसांवर होती. आमच्या घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेली मी पहिलीच. पप्पा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. माझ्या प्रवेशाचे पेढे त्यांनी तिथे वाटले होते. खोटं कशाला सांगू, मला परीक्षेपेक्षा त्या पेढ्यांचीच धास्ती होती.

त्या दुपारी सव्वा वाजता टॅब उघडला तर माझ्याच बाजूला, माझ्याच नावावर, मी न लिहिलेला मेसेज होता.

"नाही समजलं. फरक काढला, मग त्याचा वर्ग कशाला करायचा? पहिल्यापासून सांगाल का?"

माझे कान तापले. पप्पांनी लिहिलं होतं, दुसरं कोण लिहिणार. मेसेज पुसून टाकायला मी बोट ठेवलं, तेवढ्यात खाली एकीने लिहिलं, "सर, मलाही नाही समजलं." मग आणखी एकाने. मग धडाधड सहा-सात जणांनी. समजावणारी मुलगी म्हणाली, "अरे, मग आधी बोलायचं ना." आणि तिने पुन्हा सुरुवात केली. सरासरीपासूनचे काही फरक अधिक येतात, काही उणे. नुसती बेरीज केली तर सगळे मिळून शून्य होतात, म्हणून वर्ग. एवढंच होतं ते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी चिडले होते. संध्याकाळपर्यंत धुमसत राहिले.

पप्पा दारात आले तसं मी विचारलं, "ग्रुपमध्ये कशाला लिहिलंत तुम्ही?"

ते ओशाळले. "जेवणाच्या सुट्टीत वाचतो ना मी रोज. दहावीला गणित बरं होतं माझं. तू काय शिकतेस ते बघायला लागलो, मग सवयच लागली." मग म्हणाले, "सगळे 'समजलं' लिहितात. तू तर सगळ्यांच्या आधी. म्हटलं, मला एकट्यालाच कळत नाय वाटतं. आज राहवलं नाय."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. रडू मात्र आलं.

"पप्पा, मला पहिल्या दिवसापासून काहीच कळलेलं नाहीये."

मला वाटलं, आता पेढ्यांचं निघणार. त्यांनी मोजेसुद्धा न काढता जमिनीवर बसकण मारली आणि टॅब माझ्याकडे सरकवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसाचं काढ."